स्टेनलेसच्या कामाला ‘नाही’ म्हणणे आता परवडणारे नाही

आपल्या वस्त्यांमध्ये घरालगतच्या खोलीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि एक ग्राइंडर एवढ्यावर संसार चालविणारे टर्नर आजही पुष्कळ आहेत. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे मागाचे सुटे भाग करून यांतील अनेकांनी दोन पिढ्या काढल्या. साध्या मागांची जागा जसजशी रॅपिअर आणि एअरजेट मागांनी घेतली, तसतसे ते काम आटत गेले. नवीन कामाची वाट पाहणाऱ्या या माणसाकडे कोणी स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट किंवा बुश घेऊन आला, की उत्तर ठरलेले असते : “हे आमच्याकडे होत नाही. टूल खाते. मोठ्या कारखान्यात न्या.”

आमचे म्हणणे असे की, हे उत्तर बदलले पाहिजे. स्टेनलेसचे काम लहान लेथवर होते आणि चांगले होते. त्यासाठी नवीन मशीन घ्यावे लागत नाही, सवयी बदलाव्या लागतात. मात्र जुन्याच सवयीने आणि लोखंडाच्याच दराने ते केले, तर नुकसान नक्की आहे.

काम कोठे आहे?

रसवंतीच्या घाण्याचे रूळ, हॉटेलातील वाटण-यंत्राचे शाफ्ट, बेकरीच्या मिक्सरचे भाग, दुधाच्या पंपाचे स्लीव्ह, मसाल्याच्या चक्कीचे बुश, आइस्क्रीम यंत्राच्या पिन, कोकणात होडीच्या इंजिनाचे नट आणि पाण्याच्या पंपाचे शाफ्ट. यांपैकी बहुतेक भाग पूर्वी साध्या लोखंडाचे असत, आज ते स्टेनलेसचे मागितले जातात. खाद्यव्यवसायाच्या परवान्यासंबंधीचे २०११ चे नियम अन्नाला लागणारे साहित्य न गंजणारे असावे असे सांगतात. त्यामुळे ही मागणी मागे फिरणार नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही कामे एका नगाची, दोन नगांची, फार तर दहा नगांची असतात. सीएनसी मशीनवाल्याला एका नगासाठी प्रोग्रॅम करणे आणि सेटिंग लावणे परवडत नाही. बंद पडलेला मिक्सर संध्याकाळपर्यंत चालू करून हवा असलेला बेकरीवाला कारखान्याच्या रांगेत उभा राहू शकत नाही. ही जागा लहान टर्नरचीच आहे. ती त्याने स्वतःहून सोडली, तर दोष दुसऱ्या कोणाला देता येणार नाही.

धातू वाईट नाही, वेगळा आहे

स्टेनलेस “टूल खाते” याची कारणे तीन आहेत. ती समजली की अर्धे काम झाले.

पहिले कारण, हा धातू घासला की कडक होतो. ३०४ जातीचा दांडा मूळचा फार कठीण नसतो. पण टूल कापण्याऐवजी नुसते त्यावर घासत राहिले, तर वरचा पातळ थर कडक बनतो आणि पुढच्या फेऱ्यात त्याच कडक थरावर टूलची धार जाते.

दुसरे कारण उष्णतेचे. साध्या लोखंडाच्या मानाने ३०४ स्टेनलेस उष्णता सुमारे एकतृतीयांश वेगानेच वाहून नेते. कापताना निघालेली उष्णता जॉबमध्ये पसरत नाही, ती टूलच्या टोकाशी साचते.

तिसरे कारण, हा धातू चिकट आहे. त्याचा कीस तुटत नाही, लांब दोरीसारखा निघतो आणि धारेला चिकटतो. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्याच बोल्टवर कोरडा फिरविला तर मध्येच धरून बसतो, तोही याच गुणामुळे.

आता आपला नेहमीचा टर्नर काय करतो ते पाहा. जड काम दिसले म्हणून तो घाबरून अगदी हलका कट घेतो, फीड कमी करतो, पण मशीनचा वेग लोखंडाचाच ठेवतो. म्हणजे जे करायला हवे त्याच्या नेमके उलट. वेग जास्त असल्याने उष्णता वाढते, कट हलका असल्याने टूल घासते, थर कडक होतो आणि धार जाते. मग ठपका धातूवर येतो.

रीत अशी असावी

वेग कमी ठेवावा, पण फीड कमी करू नये. हायस्पीड स्टीलच्या टूलने ३०४ कापताना मिनिटाला १५ ते २० मीटर हा वेग ठीक असतो. २५ मिलिमीटर व्यासाला तो सुमारे २३० फेरे, ५० मिलिमीटरला सुमारे ११५ फेरे आणि १२ मिलिमीटरला सुमारे ४८० फेरे येतो. कार्बाइडने याच्या तिप्पट-चौपट वेग घेता येतो, पण लहान मशीनची मोटार आणि मशीनचा भक्कमपणा पाहूनच.

फीड एका फेऱ्याला ०.१ मिलिमीटरच्या खाली सहसा नेऊ नये. कटाची खोलीही अशी ठेवावी की टूलचे टोक मागच्या फेऱ्याने कडक झालेल्या थराच्या खाली चालेल. फिनिशिंगसाठी पाव मिलिमीटर तरी शिल्लक ठेवावे. ‘शेवटी नुसता हात फिरवू’ ही लोखंडावर चालणारी सवय येथे चालत नाही. आणि एकदा कट सुरू झाला की टूल जॉबवर टेकवून मध्येच थांबू नये. थांबायचे असेल तर टूल मागे घ्यावे.

टूल धारदार असावे आणि त्याला वरचा उतार चांगला द्यावा. पाच टक्के कोबाल्ट असलेले हायस्पीड टूलबिट थोडे महाग पडते, पण ते टिकते. कार्बाइड इन्सर्ट घ्यायचे असेल तर स्टेनलेससाठीचे घ्यावे. त्याच्या डबीवर ‘एम’ हे अक्षर आणि पिवळी खूण असते. लहान लेथवर हलक्या कटासाठी अॅल्युमिनियमचे घासून धारदार केलेले इन्सर्टही उपयोगी पडते, कारण त्याला कापायला जोर कमी लागतो. टूल पोस्टबाहेर कमीत कमी काढावे आणि टूलची उंची सेंटरशी बरोबर जुळवावी. स्लाइडची जिब ढिली असेल तर आधी ती आवळावी. मशीन थरथरले की टूल घासणार आणि टूल घासले की पुढचे सारे ठरलेले. जॉबही व्यासाच्या तिपटीहून जास्त बाहेर असेल तर टेलस्टॉकचा आधार द्यावा, तोही फिरत्या सेंटरचा.

भोक पाडताना ड्रिल सतत कापत राहील एवढा दाब हवा. हळूहळू गोंजारल्यास तळ कडक होतो आणि मग नवे ड्रिलही आत जात नाही. आटे पाडताना भोक थोडे मोठे घ्यावे. ८ मिलिमीटरच्या टॅपला लोखंडात आपण ६.८ चे ड्रिल घेतो, येथे ७ चे घ्यावे. ६ च्या टॅपला ५ ऐवजी ५.२ चे घ्यावे. आट्यांची पकड थोडी कमी होते, पण बहुतेक कामांना ती पुरते आणि टॅप तुटण्याची धास्ती पुष्कळ कमी होते. जॉबमध्ये तुटलेला टॅप म्हणजे टॅपही गेला, मालही गेला आणि दिवसही गेला. टॅपिंगला साधे पाणीमिश्रित कुलंट नको, गंधकयुक्त कटिंग ऑइल वापरावे. खोबरेल किंवा जुन्या इंजिन ऑइलवर काम भागवू नये.

मापाच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत होते. ३०४ स्टेनलेस तापल्यावर लोखंडापेक्षा जवळजवळ दीडपट फुगते. उदाहरण घ्या. ६२०५ नंबरच्या बेअरिंगचे भोक २५ मिलिमीटरचे असते. त्यासाठी शाफ्ट करताना जॉब हवेपेक्षा ६० अंशांनी तापलेला असेल, तर तो सुमारे अडीच शतांश मिलिमीटर फुगलेला असतो. गरम जॉबवर मायक्रोमीटर बरोबर २५ दाखवील आणि थंड झाल्यावर तोच शाफ्ट बेअरिंगमध्ये ढिला बसेल. म्हणून शेवटचा कट घेण्यापूर्वी जॉब थंड होऊ द्यावा, मग मोजावे, मग कापावे. या थांबण्याचेही पैसे लावायचे असतात, त्याकडे पुढे येऊ.

एक सूचना घरातल्या मुलामाणसांसाठी. स्टेनलेसचा कीस वस्तऱ्यासारखा कापतो आणि चकला गुंडाळून गरगर फिरतो. तो हाताने ओढू नये, मशीन थांबवून आकड्याने काढावा. चालू लेथवर हातमोजे, सैल बाह्यांचा कुर्ता, खांद्यावरचा रुमाल हे काहीही नको. मूल खेळत येईल अशा जागी लेथ असेल तर मध्ये दार हवेच.

२०२ ला ३०४ म्हणणे ही फसवणूक आहे

आता या धंद्याच्या नाजूक जागेकडे येऊ. स्टेनलेस हे एकाच धातूचे नाव नव्हे. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्क्यांवर आणून बाकीची भर मँगेनीजने केलेली असते, म्हणून ते स्वस्त पडते. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, त्यामुळे खाऱ्या पाण्यात ते ३०४ पेक्षा पुष्कळ टिकते. ३०३ मध्ये गंधक मुद्दाम घातलेले असते. ते कापायला सोपे, पण वेल्डिंगला आणि गंजाला कमजोर.

घासून चकचकीत केल्यावर डोळ्यांना हे सारे सारखेच दिसतात. बाजारात लोहचुंबक लावून पाहण्याची पद्धत आहे, ती येथे निरुपयोगी आहे. २०२ लाही चुंबक चिकटत नाही आणि ३०४ लाही नाही. उलट थंड अवस्थेत ओढलेला किंवा वाकविलेला अस्सल ३०४ कधीकधी चुंबकाला थोडा ओढ देतो, आणि गिऱ्हाईक चांगल्या मालाला खोटा म्हणून परत पाठवितो.

म्हणून टर्नरने तीन गोष्टी कराव्यात. दांडा घेताना बिलावर जात लिहून घ्यावी आणि मोठी खरेदी असेल तर मिलचा दाखला मागावा. उरलेल्या तुकड्यांच्या टोकांना जातीप्रमाणे रंग लावून ठेवावा, कारण सहा महिन्यांनी कोपऱ्यातला तुकडा कोणता हे कोणालाच आठवत नाही. संशय असेल तेथे थेंब टाकून मँगेनीज ओळखण्याचे औषध वापरावे किंवा तुकडा प्रयोगशाळेत पाठवावा.

गिऱ्हाइकाला २०२ चालत असेल तर खुशाल २०२ द्यावे. जिन्याच्या कठड्याला किंवा कपाटाच्या मुठीला त्याने काही बिघडत नाही. पण तसे सांगून द्यावे आणि बिलावर २०२ असेच लिहावे. ३०४ चे पैसे घेऊन २०२ देणे आणि मापात मारणे यांत फरक नाही, आणि मापात मारणाऱ्यांविषयी आपल्याला काय सांगितले आहे ते येथे नव्याने सांगण्याची गरज नाही. शिवाय हा खोटेपणा लपत नाही. लोणच्याच्या किंवा मिठाच्या संपर्कात आलेला भाग काही महिन्यांत डागाळतो, समुद्रावरचा भाग खड्डे पडून कुजतो. तेव्हा गिऱ्हाईक दांडा विकणाऱ्याला विचारीत नाही. तो टर्नरच्या दारात येतो.

दर कसा लावावा?

बहुतेक टर्नर स्टेनलेसमध्ये पैसा गमावतात तो टूल गेल्यामुळे नव्हे, तर हिशेब न केल्यामुळे. २५ मिलिमीटर व्यासाच्या, ३०० मिलिमीटर लांबीच्या शाफ्टवर एक कट घ्यायचा आहे. फीड दोन्हीकडे ०.१२ मिलिमीटर धरू. लोखंडावर मिनिटाला २८ मीटर वेगाने हा कट सात मिनिटांत संपतो. स्टेनलेसवर १८ मीटर वेगाने त्याला अकरा मिनिटे लागतात. म्हणजे केवळ कापण्याचाच वेळ दीडपट झाला. टूलला पुन्हा धार लावणे, जॉब थंड होण्याची वाट पाहणे, कीस काढण्यासाठी थांबणे हे धरले तर पावणेदोन पट सहज होतो.

समजा, तुमच्या मशीनचा तासाचा दर ३०० रुपये आहे आणि लोखंडाचा एक शाफ्ट तासाभरात होतो. तोच शाफ्ट स्टेनलेसचा करायला पावणेदोन तास लागले, तर मजुरी ५२५ रुपये झाली. टूल आणि ऑइलचे ५० रुपये धरले तर ५७५. ‘शाफ्ट तर सारखाच आहे’ असे गिऱ्हाईक म्हणाले म्हणून ज्याने ३०० घेतले, त्याने आपल्या खिशातून पावणेतीनशे रुपये दिले. यात अजून माल बिघडण्याची जोखीम धरलेलीच नाही. स्टेनलेसचा दांडा लोखंडाहून कित्येक पटींनी महाग असतो. माल तुमचा असेल तर दहा नगांत एखादा बिघडेल असे धरूनच दर सांगावा. माल गिऱ्हाइकाचा असेल तर बिघडल्यास भरपाई कोणाची, हे काम घेतानाच ठरवावे.

वजनाचा हिशेब सोपा आहे. गोल लोखंडी दांड्याचे मीटरला वजन काढताना आपण व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागतो. ३०४ साठी १५९ ने भागावे. २५ मिलिमीटरचा दांडा मीटरला सुमारे ३.९३ किलो भरतो. आणि कीस फेकू नये, लोखंडाच्या किसात मिसळूही नये. ३०४ चा वेगळा ठेवलेला कीस भंगारवाला निराळ्या, पुष्कळ चढ्या भावाने घेतो. मिसळला की सारा लोखंडाच्या भावाने जातो.

उधारीबद्दल एक शब्द. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत, उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते, असे २००६ चा कायदा सांगतो. पण हा आधार उद्यम नोंदणी असलेल्यालाच मागता येतो, आणि त्यालाही हातात बिल लागते. कच्च्या चिठ्ठीवर काम करणाऱ्याला कायदा काय मदत करणार?

दोन आक्षेप

काहीजण म्हणतील, लहान लेथला हे झेपणार नाही. काही कामे खरोखरच झेपणार नाहीत. होडीच्या पंख्याचा लांब शाफ्ट घरच्या लेथच्या बेडवर मावत नाही. मोठ्या व्यासाचे पार्टिंग हलक्या मशीनवर धोक्याचे असते, ते करवतीने कापून घ्यावे. अशा कामाला ‘नाही’ म्हणण्यात कमीपणा नाही. पण त्या एका कारणावरून बुश, पिन, नट, स्लीव्ह आणि हातभर लांबीचे शाफ्ट यांनाही नकार देणे योग्य नव्हे.

दुसरा आक्षेप असा की शिकायचे कोठे? एखादा स्टेनलेसचा तुकडा विकत आणून सुटीच्या दिवशी चार-सहा तास त्यावर वेग आणि फीड बदलून पाहणे हे पहिले शिक्षण. मुलाला या धंद्यात आणायचे असेल तर आयटीआयचा टर्नरचा कोर्स आहे. छत्रपती संभाजीनगरची इंडो-जर्मन टूल रूम ही तर याच विद्येसाठी उभी केलेली सरकारी संस्था आहे. बापाचा हात आणि मुलाचे शिक्षण एकत्र आले, तर तीच शेड दुप्पट काम देईल.

व्यापारी बांधवांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. टर्नरकडे जाताना ‘स्टीलचा करून द्या’ एवढेच सांगू नका. भाग कोठे बसणार, त्याला काय लागणार, मीठ की दूध की समुद्राचे पाणी, हे सांगा आणि जात लेखी ठरवा. आणि चार शेडमध्ये फिरून सर्वांत कमी दराच्या माणसाला काम देऊ नका. ३०४ ची मजुरी लोखंडाच्या दराने मागितली, तर समोरचा माणूस एक तर मालात काटकसर करील किंवा मापात. दोन्ही वेळा बंद पडणारे यंत्र तुमचेच असते.

आमच्या टर्नर बांधवांच्या हातात कसब आहे, घरात मशीन आहे आणि दारात काम येते आहे. वेग निम्म्याच्या जवळ आणा, फीड सोडू नका, थंड करून मोजा, खरी जात लिहा आणि वेळेचा पुरता दाम घ्या. एवढे केले तर ज्या कामाला आज आपण दारातून परत पाठवितो, तेच उद्या घर चालवील.